गल्लीचा मुख्य राउटर

चार माणसं एकत्र दिसली की सुरडकर सर जवळ जातात, चष्मा सारखा करतात आणि विचारतात, "तुमच्यात मुख्य कोण?"

टपरीवर विचारतात, सलूनमध्ये विचारतात, मयतीला गेले तर तिरडी बांधणाऱ्यांनाही विचारतात. एकदा मेहकरहून चिखलीला जाताना आमची जीप मध्येच पंक्चर झाली. स्टेपनी नव्हती. जीपमधली सगळी माणसं एकाच वेळी ड्रायव्हरला बोलू लागली आणि ड्रायव्हर शांतपणे तंबाखू मळू लागला. सर उतरले, पँट झटकली आणि म्हणाले, "सगळे बोलून राह्यले म्हणून हा कोणाचंच ऐकून नाही राह्यला. आधी मुख्य निवडा."

उन्हात, रस्त्याच्या कडेला निवडणूक झाली. ज्याच्या मोबाईल नंबरचे शेवटचे आकडे सगळ्यांत मोठे, तो मुख्य. निघाला तो मागच्या सीटवर घोरत पडलेला एक गृहस्थ. त्याचा नंबर त्याच्या पुतण्याने सांगितला होता.

"सर, ते झोपेल हायेत," कोणीतरी म्हणालं.

"नियमात झोपेबद्दल काही नाही. उपमुख्य कोण?"

उपमुख्य मी निघालो. मग मीच ड्रायव्हरशी बोललो, त्याने दुसरी जीप बोलावली आणि आम्ही पोचलो. चिखलीला तो गृहस्थ जागा झाला तेव्हा सरांनी त्याचा हात हातात घेऊन प्रवाशांतर्फे आभार मानले. तो अजून मला कुठं दिसला की घाबरून नमस्कार करतो.

सर एका तंत्रनिकेतनात संगणकांचं नेटवर्क शिकवायचे. वयोमानाने ते निवृत्त झाले, विषय झाला नाही. त्या विषयातही त्यांचा खरा जीव एकाच धड्यावर होता: राउटर आपला पुढारी कसा निवडतात. हा धडा त्यांनी मेहकरात इतक्या लोकांना सांगितला आहे, की आमच्या शिक्षक कॉलनीतला दूधवालाही परीक्षेला बसला तर पास होईल. (शिक्षक कॉलनीत शिक्षक एकटे सरच. बाकी आम्ही दुकानदार, शेतीवाले, एक गॅरेजवाला.)

धडा मी माझ्या शब्दांत सांगतो. राउटर म्हणजे नाक्यावर उभा असलेला जाणकार. आलेल्या प्रत्येकाला तो रस्ता दाखवतो. त्यासाठी कुठला रस्ता चालू आहे, कुठला बंद, याची खबर त्याच्याकडे असावी लागते. आता एकाच तारेवर दहा जाणकार बसले आणि प्रत्येकाने प्रत्येकाला खबर सांगायची ठरवली, तर खबरीचाच पूर येतो आणि काम बुडतं. म्हणून ते आपल्यात एक मुख्य निवडतात. सगळ्यांनी फक्त त्याला सांगायचं आणि त्याने सगळ्यांना सांगायचं. शिवाय एक उपमुख्य असतो. तो सगळं ऐकतो, लक्षात ठेवतो, पण मुख्य आहे तोवर तोंड उघडत नाही.

"म्हंजे नवरा," माझी बायको मंदा म्हणाली.

सरांनी यावर विचार केला. "तत्त्वतः बरोबर आहे," ते म्हणाले.

हे सगळं आमच्या गल्लीत घुसलं ते नळाच्या पाण्यामुळे. आमची गल्ली चढावर, पाइपाच्या शेवटच्या टोकाला. पाणी येतं, पण कधी येईल त्याचा नेम नाही. आलं की ज्याला आधी दिसलं तो सगळ्यांना फोन करायचा. ज्यांना फोन आला ते बाकीच्या सगळ्यांना करायचे. मंदाच्या एका हातात नळी, दुसऱ्या हातात बादली, आणि खांद्याने दाबून धरलेल्या फोनवर सहाव्यांदा तीच खबर. तुम्ही म्हणाल, व्हॉट्सॲपवर ग्रुप करायचा. ग्रुप होता. त्यावर सकाळची फुलं यायची, जीरं-ओव्याचे फायदे यायचे, कोणाचं तरी हरवलेलं पाकीट वर्षभर यायचं. पाण्याची खबर त्या फुलांखाली सापडेपर्यंत नळ फुसफुसायला लागायचा.

शेवटी सरांनी गल्लीला आपल्या अंगणात बोलावलं आणि खुर्चीत ताठ बसून नियम सांगितले. प्रत्येक घराने आपली प्रायॉरिटी, म्हणजे मुख्य होण्याची स्वतःची लायकी, एका आकड्यात त्यांच्या कानात सांगायची. आकडा शून्य ते दोनशे पंचावन्न. ज्याचा मोठा तो मुख्य. शून्य म्हणजे मी मरेपर्यंत मुख्य होणार नाही, मला फक्त काम सांगा.

"मी शून्य," सरांनी आधीच जाहीर केलं. ते कायम शून्यच असतात. गणपतीच्या कमिटीत शून्य, भजनी मंडळात शून्य.

एकेक जण गेला आणि त्यांच्या कानाशी वाकला. सरांचा चेहरा दगडी. सर्वांत शेवटी शेवंतामावशी उठली. मावशी कोपऱ्यावरच्या शेवटच्या घरात एकटी राहायची. नवरा जाऊन खूप वर्षं झाली होती, मुलगा रमेश सुरतला. आयुष्यभर तिने आठवडी बाजारांत मिरच्या विकल्या. आता गुडघे गेले आणि बाजारही गेला. पुढे एक रिकामा प्लॉट सोडला की गल्ली संपत असल्याने तिच्या दारावरून कोणाचा जाण्यायेण्याचा रस्ता नव्हता, त्यामुळे कोणी जातही नव्हतं. त्या दिवशी माणसं जमलेली पाहून ती प्रसाद असेल म्हणून आली होती.

"मावशी, तुमचा आकडा?"

"सगळ्यायनं काय सांगतला?"

"ते गुप्त आहे."

"मंग सगळ्यायचा जो हाय, तोच माह्या."

सर उभे राहिले. "माझं सोडून सर्व घरांनी दोनशे पंचावन्न सांगितलं आहे," ते म्हणाले. "आपल्या गल्लीत सगळे सारख्याच लायकीचे आहेत. अशा वेळी राउटर आपापला ओळखक्रमांक पाहतात आणि मोठा क्रमांक जिंकतो. आपण प्लॉट नंबर धरू."

सगळ्यांत मोठा प्लॉट नंबर गल्लीच्या टोकाचा. शेवंतामावशी मुख्य. तिच्या आधीचा आमचा, म्हणून मंदा उपमुख्य. गॅरेजवाला रहीम म्हणाला, "सर, मावशीजवळ बटनाचा फोन हाय हो." सर म्हणाले, "राउटरले कॅमेरा लागत नाही."

आणि मावशीने ते पद असं चालवलं की काय सांगू. पाणी दिसलं की आम्ही मावशीला एक फोन करायचा आणि विसरून जायचं. मग मावशी घरोघर फोन लावायची. बाजारातला गळा तो. फोनची गरज होती का असा प्रश्न पडायचा. "पानी आलं वो, गढूळ हाय, पयली बादली फेका." पण खबर तिथे संपायची नाही. "जेवली का? काय केलं? अंबाडीची भाजी? कण्या टाकल्या का त्यात? पोरीचा ताप उतरला का?" एका घराला इतका वेळ लागायचा की शेवटच्या घराचं पाणी निम्मं होऊन जायचं. रहीम तक्रार घेऊन सरांकडे गेला.

"तुमच्या पोरीचा ताप उतरला का?" सरांनी विचारलं.

"उतरला."

"मग खबर बरोबर पोचून राह्यली आहे."

आणखी एक नियम होता. मुख्याने रोज सकाळी, आपण आहोत, असं कळवायचं. राउटर एकमेकांना सारखे हॅलो करत असतात. हॅलो बंद झाला की थोडी वाट पाहायची आणि मग उपमुख्याने कोणाला न विचारता खुर्ची घ्यायची. मावशी सकाळी पायरीवर उभी राहून गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणायची, "हाव बाप्पा, हाय मी." लोक तिच्या दाराशी थांबू लागले. कोणी भाजी नेऊन द्यायचं, कोणी फोनमध्ये बॅलन्स टाकून द्यायचं, मुख्याचा फोन बंद पडून कसं चालेल म्हणून.

मग देशमुख साहेब आले. महसूल खात्यातून निवृत्त, पती-पत्नी दोघंच. त्यांनी मावशीच्या पलीकडचा रिकामा प्लॉट घेऊन त्यावर बंगला बांधला. त्यांचा प्लॉट नंबर मावशीपेक्षा मोठा. गल्लीतली पद्धत समजल्यावर साहेब नीट इस्त्री करून सरांकडे गेले. पाण्याची खबर मिरच्या विकणाऱ्या बाईकडून घ्यायची हे त्यांच्या सेवानियमांत बसत नव्हतं.

"सुरडकर सर, नियमाप्रमाणे मोठा नंबर आता माझा आहे. आकडाही पूर्ण दोनशे पंचावन्न धरा. चार्ज केव्हा घेऊ?"

"घेता येत नाही साहेब," सर म्हणाले. "बसलेला उठत नाही. निवडणूक झाल्यावर कितीही मोठा राउटर आला, तरी जो मुख्य आहे तो मुख्य. नाहीतर रोज नवीन येतील, रोज निवडणूक होईल, पाणी कोण भरेल?"

"हे अन्यायाचं आहे."

"राउटरले राग येत नाही," सर म्हणाले. हे त्यांचं लाडकं वाक्य. वर्गातली पोरं भांडली तरी हेच, आणि भाजीवालीने कमी तोललं तरी हेच.

साहेब परत गेले आणि त्या दिवसापासून मावशीचा फोन आला की "मेसेज रिसीव्ड" एवढंच म्हणून ठेवू लागले. मावशीने पुढच्या फोनला विचारलं, "साहेब, तुमी दरवेळी सांगता ते रिशीवची भाजी कशी करतेत?"

त्यानंतर एका सकाळी मावशीचा आवाज आला नाही. गल्लीत हळूहळू ते सगळ्यांच्या लक्षात आलं. सर फाटकाशी उभे राहून ऐकत होते. मग आमच्या अंगणात आले आणि मंदाला म्हणाले, "हॅलो बंद आहे. नियमाने आता तुम्ही मुख्य."

"मुख्य गेलं चुलीत," मंदा म्हणाली. "म्या मावशीले पाहून येते."

सरही तिच्यामागून निघाले आणि सरांना मी पहिल्यांदाच पळताना पाहिलं. मावशी न्हाणीत पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. शुद्धीवर होती, आणि दार उघडल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "मी हाव म्हनत होती, तुमाले आयकू नाही आलं."

ऑपरेशन जालन्याला झालं. रमेश आला, चांगला मुलगा, आणि आईला सुरतला घेऊन गेला. इकडे मंदा मुख्य झाली. उपमुख्याची जागा रिकामी झाली, तिच्यासाठी पुन्हा नंबर पाहिले आणि ती देशमुख साहेबांना मिळाली. साहेबांनी फाटकावर पाटी लावली नाही, एवढंच. मंदा काम चोख करायची, पण झटपट. "पाणी आलं" आणि फोन बंद. गल्लीतला प्रत्येक जण म्हणायचा, मंदाताई लय फास्ट हायेत, आणि फोन ठेवल्यावर जरा वेळ तसाच हातात धरायचा.

पावसाळा सरता सरता रमेशच्या गाडीतून मावशी परत आली. सुरतला तिचा जीव लागला नव्हता. वॉकर धरून उतरली. गल्ली गोळा झाली. पायरीवर टेकल्या टेकल्या तिने विचारलं, "पानी कधी आलतं?"

"काल," मंदा म्हणाली.

"सांगतलं कोनं?"

"मी सांगतलं मावशी."

"बेस केलं. आता मी आली."

सर पुढे झाले. त्यांनी घसा साफ केला. मला वाटलं, आज तरी हा माणूस गप्प बसेल. सर म्हणाले, "मावशी, तुमचा हॅलो बंद पडला तेव्हा मंदाताई बसल्या. बसलेला उठत नाही. गेलेला परत आला तरी जागा परत मिळत नाही. तुम्ही आता साधा राउटर."

"म्हंजे मले सांगाचं नाही?"

"तुम्हाले सांगतल्या जाईन."

मावशी वॉकरच्या दांड्याकडे पाहत राहिली. "बरं बाप्पा," ती म्हणाली.

रमेशने हे ऐकलं. तो आईच्या शेजारी उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "मी काय म्हनत होतो? तू म्हने, मले जाऊ दे, गल्लीचं पानी माह्याजवळ हाय. आता तेबी नाही राह्यलं. अथी तुह्यं काय काम हाय माय? येत्या रविवारी गादी-भांडे घेऊ अन् चाल. घर देऊन टाकू कोनाले." मावशीने नाही म्हटलं नाही. आम्ही तिचं नाही ऐकायची वाट पाहत होतो.

"त्या मानसाच्या छातीत बी राउटरच हाय," मंदा घरी येऊन म्हणाली आणि तिने परात अशी आपटली की मी जेवण होईपर्यंत विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं तर सर आधीच पायरीवर बसलेले. माझं स्टेशनरीचं दुकान आहे. सर आत आले, एक पेन उचललं, टोपण काढलं, लावलं.

"सर, मंदा खुर्ची सोडते म्हणते."

"सोडली तर देशमुख साहेब बसतील. उपमुख्य ते आहेत."

"मग नियमच सोडा ना एखाद्या वेळेस. गल्लीचं नळाचं पाणी आहे, रेल्वे नाही चालवून राह्यलो आपण."

"साहेबांचा नंबर मोठा असून त्यायले कोणत्या तोंडानं परत पाठवलं मी? याच नियमाच्या. तेव्हा नियम गोड लागला. आता कडू लागला म्हणून थुंकून टाकू?"

सर पेनचं टोपण काढत-लावत राहिले.

"एक मार्ग आहे," ते म्हणाले. "सगळं नेटवर्क एकदम बंद करायचं आणि एकदम चालू करायचं. मग कोण बसलेलं होतं, कोण गेलेलं होतं, ते काही उरत नाही. निवडणूक नव्याने होते. हे नियमात आहे."

"मग झालंच की."

"नाही झालं. नव्याने झाली तर मोठा नंबर साहेबांचा. साहेबांनी कानात शून्य सांगायला पाहिजे."

"मग सांगा त्यांना."

सरांनी पेन जागेवर ठेवलं. "मी आजपर्यंत कोणाले काही मागितलं नाही," ते म्हणाले. "मले येत नाही. तुम्ही सोबत या."

देशमुख साहेबांनी आम्हाला दिवाणखान्यात बसवलं. त्यांनी सरांचं सगळं बोलणं हातांची घडी घालून ऐकलं, जसं त्यांनी नोकरीत असंख्य अर्ज ऐकले असतील.

"म्हणजे आयुष्यभर मी साहेब," ते म्हणाले, "आणि आता शून्य व्हायचं. तेही एका अशा बाईसाठी, जी मला फोनवर भाजीची रेसिपी विचारते."

"हो," सर म्हणाले.

"आणि तुम्हाला काय पडलंय हो एवढं? राउटरला राग येत नाही म्हणता. माया येते का?"

आतून साहेबांच्या पत्नीचा आवाज आला, "अहो, चहा घेऊन जा, मी काय दोन हातांनी तीन कप आणू?" साहेब निमूटपणे उठले आणि ट्रे घेऊन आले.

"साहेब," सर कपाकडे पाहत म्हणाले, "एक गोष्ट शिकवायची राहूनच जायची वर्गात. पोरं परीक्षेच्या मागं असायची. तारेच्या दोन टोकांना दोनच राउटर असले, तर निवडणूक होत नाही. मुख्य नाही, उपमुख्य नाही. गरजच पडत नाही. हा त्याले सांगतो, तो याले सांगतो, झालं."

"आमच्याकडे आहे की मुख्य," साहेबांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. हसण्यासारखं बोलले होते ते, आणि मी हसलोही.

"आमच्याकडेही तसं वाटायचं," सर म्हणाले. "पण नसतो. दोघांत नसतो. ती गेली तेव्हा कळलं. आता तारेच्या या टोकाला मी आहे. दिवसभर हॅलो करतो म्हणा, ऐकणारं कोणी नाही. राउटर तेव्हा बिघडलेला नसतो बरं. चांगला चालू असतो. फक्त त्याले शेजारी उरत नाही." त्यांनी चहाचा एक घोट घेतला. "मावशी सुरतला चालू राहील. मुलगा चांगला आहे. जेवाले घालेल. पण तिथं तिचं कोणी ऐकणार नाही, अन् तिले कोणी विचारणार नाही की खबर काय आहे."

आतून कपबशा धुण्याचा आवाज येत होता. साहेब तो ऐकत बसले होते.

"आकडा कानातच सांगायचा असतो ना?" अखेर ते म्हणाले.

"हो."

"मग आत्ता कशाला सांगू?"

एवढ्यावर आम्ही बाहेर पडलो. रस्त्यात सर म्हणाले, "जमलं का हो मले मागणं?" मी म्हटलं, सांगता येत नाही.

रविवारी दुपारी गल्ली पुन्हा सरांच्या अंगणात जमली. मावशीच्या दारात रमेशची गाडी होती, टपावर गादी बांधून झाली होती. सरांनी सगळ्यांना फोन बंद करायला लावले. राउटर बंद म्हणजे बंद. बोलायचंही नाही, असं त्यांनी बजावलं, आणि मनगटावरचं घड्याळ पाहत उभे राहिले. इतकी माणसं इतकी गप्प बसलेली मी एवढ्यात पाहिली नव्हती. मयतीतही कुजबूज असते.

आणि त्या शांततेत पाणी आलं.

आम्हाला कळायचं काही कारण नव्हतं. नळ ज्याच्या त्याच्या घरी, माणसं इथे. पण मावशी आली नव्हती. ती आपल्या पायरीवर, गाडीत बसायच्या तयारीने, लुगड्याचा पदर खोचून बसली होती, आणि तिच्या अंगणातला नळ वाजला. कोपऱ्यावरून आवाज आला. मोडलेल्या हाडाचा त्या गळ्याशी काही संबंध नव्हता.

"पानी आलं वोऽऽ. कोठी मेले सगळे? मंदे, पानी आलं. रहीम, तुह्या टाकीचं झाकन उघडं हाय. सायेब, पानी."

अंगणातली सगळी माणसं उठली. "बसा," सर म्हणाले. "निवडणूक व्हायची आहे. अजून कोणी मुख्य नाही. ती खबर नियमात बसत नाही."

"सर, बादली तर नियमात बसते," मंदा म्हणाली आणि निघाली. तिच्यामागे बाकीची गल्ली. सर्वांत पुढे देशमुख साहेब, इस्त्रीच्या पँटचे पाय वर दुमडत.

पाणी भरून, ओल्या पायांनी सगळे परत आले. निवडणूक झाली. एकेक जण सरांच्या कानाशी वाकला. या वेळी मावशी वॉकर टेकत आली आणि सांगून गेली. शेवटी साहेब आले. ते वाकले, आणि जरा जास्तच वेळ वाकलेले राहिले. सरळ झाल्यावर त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला, आणि तो उलटा घातला आहे हे लक्षात आल्यावर नीट केला.

"एक घर शून्य," ते म्हणाले. "माझं धरून दोन. बाकी सगळे दोनशे पंचावन्न. मोठा प्लॉट, शेवंतामावशी."

टाळ्या वगैरे वाजल्या नाहीत. रमेश गाडीला टेकून उभा होता. त्याने आईकडे पाहिलं, टपाकडे पाहिलं.

"आता काय करू माय?"

"गादी उतरव," मावशी म्हणाली. "अन् जेवून जाय. मले फोन कराचे हायेत, वरनाले तूच फोडनी दे."

त्यानंतरच्या आठवड्यात मी काहीतरी निमित्ताने सरांकडे गेलो होतो. इतक्या वर्षांत त्यांच्या घराच्या मागच्या अंगणात मी कधी गेलो नव्हतो. सर तिथे जुनी लुंगी नेसून झाडांना पाणी घालत होते. बोअरची मोटर चालू होती आणि जाड धार पडत होती. शेजारीच नळाचा पाइप होता, वरून कापलेला, तोंडात लाकडी खुट्टी ठोकलेली. खुट्टीवर कोळ्याने जाळं विणलं होतं, तेही जुनं दिसत होतं.

इतक्यात घरात फोन वाजला. सरांनी मोटर बंद केली, हात पुसले, केस सारखे केले आणि आत जाऊन फोन उचलला.

"हं, मावशी. आलं का? ... गढूळ आहे? ... बरं, पहिली बादली फेकतो. ... हो, जेवलो. ... वांग्याचं. ... नाही, तेल कमीच टाकलं. ... गुडघा बरा आहे. तुमचा? ... हं. ... हं. ... आणखी?"

बराच वेळ चाललं. मी अंगणातल्या खुट्टीकडे पाहत उभा होतो. सर बाहेर आले तेव्हा मी विचारलं, "सर, तुमच्या नळाला तर पाणीच येत नाही."

सरांनी मोटर पुन्हा चालू केली.

"पाणी नाही येत," ते म्हणाले. "खबर येते."